सूत्राला हात न लावता समीकरण संतुलित कसं करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला रसायनशास्त्र तीन भाषांत भेटतं. पुस्तकात ऑक्सिजन, आजोबांच्या तोंडी प्राणवायू, शेजारच्या कन्नड शाळेत आम्लजनक. हायड्रोजन तिकडे जलजनक होतो, नायट्रोजन सारजनक. लोखंडाला कन्नडमध्ये कब्बिण म्हणतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेलं की तेच आयर्न होतं. चिन्ह मात्र तिन्हीकडे एकच, एफई, आणि ते यांतल्या कुठल्याच भाषेतलं नाही. ते फेरम या लॅटिन शब्दावरून आलं आहे. म्हणून समीकरणं एकदा नीट जमली की माध्यम बदलल्याचा त्रास या एका प्रकरणात तरी होत नाही.

कन्नड प्रश्नपत्रिकेत ‘समीकरण संतुलित करा’ याला ‘सरिदूगिसि’ असा शब्द असतो. सरि म्हणजे समान, तूगु म्हणजे तोलणं. दोन्ही पारडी सारखी करा, असा त्याचा सरळ अर्थ. ‘संतुलित’ पेक्षा हा शब्द जास्त उपयोगी वाटतो, कारण मूळ गोष्ट वजनाचीच आहे. बंद भांड्यात अभिक्रिया घडवली तर आधीचं वजन आणि नंतरचं वजन सारखंच भरतं. लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८९ च्या आपल्या ग्रंथात हे ठामपणे मांडलं. अणू नवा तयार होत नाही, जुना नाहीसा होत नाही, फक्त जोड्या बदलतात. बाणाच्या डावीकडे लोखंडाचे ३ अणू असतील तर उजवीकडे ३ च हवेत.

सूत्रं इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. घरी शेजारी बसलेल्या आईला किंवा ताईला ती मोठ्यानं वाचून मुलाकडून सोडवून घेता यावीत, हा हेतू. अक्षराला चिकटून मागे आलेला अंक रेणूच्या आतला, आणि सूत्राच्या आधी जागा सोडून लिहिलेला अंक म्हणजे सहगुणक. ‘२ एच२ओ’ म्हणजे पाण्याचे दोन रेणू. वहीत मात्र चिन्हं रोमन लिपीतच लिहायची आणि मोठं-लहान अक्षर काटेकोर पाळायचं. सी आणि ओ दोन्ही मोठे असले तर कार्बन मोनॉक्साइड होतो, ओ लहान काढला की तो कोबाल्ट हा धातू होतो.

आता सर्वांत मोठी चूक. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं: एच२ + ओ२ → एच२ओ. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. मुलं पटकन उजवीकडे एच२ओ२ लिहून मोकळी होतात. अणू जुळतात, पण पदार्थच बदलला. एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला वापरतात ते. रेणूच्या आतला अंक निसर्गानं ठरवलेला आहे, तो आपल्या हातात नाही. किती रेणू घ्यायचे एवढंच आपल्या हातात. त्यामुळे उत्तर: २ एच२ + ओ२ → २ एच२ओ.

हे डोक्यात बसत नसेल तर वाट्या आणि चिंचोके घ्या. प्रत्येक वाटी म्हणजे एक रेणू. पाण्याच्या वाटीत दोन हरभरे आणि एक चिंचोका, ऑक्सिजनच्या वाटीत दोन चिंचोके, हायड्रोजनच्या वाटीत दोन हरभरे. नियम एकच: वाटीतले दाणे बदलायचे नाहीत, वाट्या कितीही मांडा. दहा मिनिटांत कळतं की पाण्याच्या दोन वाट्या मांडल्याशिवाय ऑक्सिजनच्या वाटीतला दुसरा चिंचोका कुठंच जात नाही.

दुसरी अडचण समीकरणाच्या आधीची आहे, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच होतो. सूत्रच चुकीचं असतं. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो तापतो, फसफसतो आणि विरतो. अभिक्रिया अशी: सीएओ + एच२ओ → सीए(ओएच)२. ही जशी आहे तशीच संतुलित आहे. पण मुलानं कंस आणि बाहेरचा २ विसरून उजवीकडे नुसतं सीएओएच लिहिलं तर काय होतं पाहा. हायड्रोजन जुळवायला उजवीकडे २ लावावा लागतो, मग कॅल्शियमसाठी डावीकडे २ सीएओ घ्यावे लागतात, मग डावीकडे ऑक्सिजन ३ होतात आणि उजवीकडे राहतात २. कुठलेही आकडे लावा, हे कधीच जुळत नाही. मूल पानभर खाडाखोड करतं आणि ‘मला हे जमतच नाही’ म्हणून वही मिटतं. दोष हिशेबाचा नव्हताच. कॅल्शियमची संयुजा, म्हणजे दुसऱ्याशी जोडलं जाण्याची क्षमता, २, हायड्रॉक्साइडची १, म्हणून हायड्रॉक्साइड दोन लागतात, एवढंच राहिलं होतं. तीन-चार प्रयत्नांत आकडे बसत नसतील तर आकड्यांशी झगडू नका, मागे जाऊन प्रत्येक सूत्र संयुजेनुसार तपासा.

त्यासाठी थोड्या संयुजा पाठच हव्यात. सोडियम, पोटॅशियम, चांदी, क्लोरीन, नायट्रेट, हायड्रॉक्साइड यांची १. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, ऑक्साइड, सल्फेट, कार्बोनेट यांची २. ॲल्युमिनियम आणि फॉस्फेट यांची ३. लोखंड कधी २ तर कधी ३, तांबं कधी १ तर कधी २, ते प्रश्नात पाहून ठरवायचं. मोकळे असताना जोडीनं राहणारे वायू आणि त्यांचे भाऊबंद सात: हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. समीकरणात हे एकटे आले तर त्यांना मागे २ लागतोच.

आणि प्रत्येक समीकरणाला आकडे लागतातच असंही नाही. साखर कारखान्यात उसाच्या रसात चुन्याचं दूध घालून त्यात गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, सोडतात. सीए(ओएच)२ + एसओ२ → सीएएसओ३ + एच२ओ. मोजा: कॅल्शियम १, गंधक १, हायड्रोजन २, ऑक्सिजन ४, दोन्हीकडे तेवढेच. अशा ठिकाणी उगाच २-२ लावणारी मुलं असतात. आधी मोजायचं, मग हात लावायचा.

आता क्रम. कुठल्या मूलद्रव्यापासून सुरुवात करायची यावर सगळं सोपं किंवा अवघड होतं. जे मूलद्रव्य दोन्ही बाजूंना फक्त एकेका सूत्रातच आहे ते आधी घ्या, त्यातही ज्याचे अणू एका रेणूत जास्त आहेत ते. जे दोन-तीन सूत्रांत पसरलेलं आहे ते नंतर. जे मोकळं उभं आहे, नुसतं ओ२, नुसतं एच२, नुसता धातू, ते अगदी शेवटी. कारण मोकळ्या मूलद्रव्याच्या पुढचा आकडा बदलला तर दुसऱ्या कशालाच धक्का लागत नाही.

दहावीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात तापलेल्या लोखंडावर वाफ सोडण्याचं समीकरण आहे: एफई + एच२ओ → एफई३ओ४ + एच२. मूल सवयीनं डावीकडून पहिलं दिसणारं लोखंड धरतं. ते मोकळं आहे, थांबू दे. ऑक्सिजन दोन्हीकडे एकेका सूत्रात आहे आणि एका रेणूत चार आहेत, म्हणून तो आधी. उजवीकडे ४, म्हणजे डावीकडे ४ एच२ओ. त्यामुळे हायड्रोजन डावीकडे ८ झाले, उजवीकडे ४ एच२ लावा. शेवटी लोखंड: उजवीकडे ३, म्हणून डावीकडे ३. उत्तर ३, ४, १, ४. एकदाही मागे फिरावं लागलं नाही. याच समीकरणात सुरुवातीला हायड्रोजन २-२ जुळलेला दिसतो म्हणून ‘तो झाला’ अशी खूण करून ठेवणारे नंतर अडकतात. सुरुवातीला जुळलेलं शेवटी जुळलेलं राहीलच असं नसतं, म्हणून शेवटची मोजणी पुन्हा शून्यापासून.

घरच्या सिलिंडरचं उदाहरण जास्त वेळ घेण्यासारखं आहे. त्यात मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन. ब्युटेन जळतो: सी४एच१० + ओ२ → सीओ२ + एच२ओ. कार्बन ४, म्हणून ४ सीओ२. हायड्रोजन १०, म्हणून ५ एच२ओ. उजवीकडे ऑक्सिजन ८ आणि ५ मिळून १३. डावीकडे तो जोडीनं येतो, तेव्हा साडेसहा ओ२ लागतात. इथे मुलं घाबरतात. घाबरायचं कारण नाही, साडेसहा लिहा आणि मग सगळ्या आकड्यांना २ ने गुणा: २ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ. चूक होते ती अशी की फक्त ऑक्सिजनचा साडेसहाचा तेरा केला जातो आणि बाकीचे तसेच राहतात. गुणायचं तर सगळ्यांना.

दुप्पट करावं लागणार की नाही हे आधीच ओळखता येतं. नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या इंधनात हायड्रोजनच्या अंकाला ४ ने भाग गेला तर अर्धे येत नाहीत, नाही गेला तर येतात. मिथेनमध्ये ४, प्रोपेनमध्ये ८, दोन्ही सरळ सुटतात. प्रोपेनचं १, ५, ३, ४. ब्युटेनमध्ये १०, भाग जात नाही. वेल्डिंगच्या गॅसमधलं ॲसिटिलीन सी२एच२, तिथेही नाही, म्हणून २ सी२एच२ + ५ ओ२ → ४ सीओ२ + २ एच२ओ.

हे आकडे नुसते परीक्षेपुरते नाहीत. ब्युटेनच्या एका मापाला ऑक्सिजनची साडेसहा मापं लागतात. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे एक लिटर ब्युटेन वायू पूर्ण जळायला सुमारे ३१ लिटर हवा हवी. बर्नरची हवेची भोकं तेलकट राखेनं बुजली की ज्योत पिवळी होते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते. ऑक्सिजन कमी पडला की असंही घडतं: २ सी४एच१० + ९ ओ२ → ८ सीओ + १० एच२ओ. १३ ऐवजी ९ रेणूच मिळाले, आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. त्याला रंग नाही, वासही नाही. थंडीत खिडक्या बंद करून शेगडी पेटती ठेवू नये ते यासाठी.

इंधनातच ऑक्सिजन असेल तर तो विसरला जातो. इथेनॉल: सी२एच५ओएच + ओ२ → सीओ२ + एच२ओ. कार्बन २. हायड्रोजन ५ आणि १ मिळून ६ (हा शेवटचा एकटा एच हमखास सुटतो), म्हणून ३ एच२ओ. उजवीकडे ऑक्सिजन ४ आणि ३ मिळून ७. त्यातला एक इथेनॉलनं स्वतःच आणला आहे, हवेतून ६ घ्यायचे, म्हणजे ३ ओ२. जे साडेतीन लिहितात त्यांनी तो एक वजा केलेला नसतो.

कंस असलेल्या सूत्रांत दोन गोष्टी. कंसाबाहेरचा अंक आतल्या प्रत्येक अणूला लागतो आणि सहगुणक त्यालाही गुणतो. एएल२(एसओ४)३ मध्ये ऑक्सिजन १२, आणि पुढे २ लावला तर २४. दुसरी गोष्ट कष्ट वाचवणारी: सल्फेट, नायट्रेट, हायड्रॉक्साइड असा गट दोन्ही बाजूंना अखंड राहत असेल तर त्याला एकच मूलद्रव्य समजून मोजा. पाणी निवळायला ॲल्युमिनियम सल्फेट आणि चुना घालतात: एएल२(एसओ४)३ + सीए(ओएच)२ → एएल(ओएच)३ + सीएएसओ४. ॲल्युमिनियम २, म्हणून उजवीकडे २ एएल(ओएच)३. सल्फेट ३, म्हणून ३ सीएएसओ४. कॅल्शियम ३, म्हणून ३ सीए(ओएच)२. हायड्रॉक्साइड दोन्हीकडे ६. ऑक्सिजन सुटा मोजायची वेळच आली नाही. एएल(ओएच)३ चा जो फुगीर साका होतो, तोच गढूळपणा धरून खाली बसतो.

हाच साका बेळगावच्या हिंदाल्कोच्या कारखान्यात वेगळ्या वाटेनं येतो. तिथे बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात विरघळवतात, त्यातून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड खाली बसवतात आणि ते भाजून ॲल्युमिना मिळवतात: २ एएल(ओएच)३ → एएल२ओ३ + ३ एच२ओ. इथे मात्र हायड्रॉक्साइडचा गट फुटतो, त्यामुळे गटानं मोजता येत नाही. परीक्षेतलं लेड नायट्रेट तापवण्याचं समीकरणही तसंच: पीबी(एनओ३)२ → पीबीओ + एनओ२ + ओ२. नायट्रोजन २, म्हणून २ एनओ२. शिसं १-१. ऑक्सिजन डावीकडे ६, उजवीकडे १ आणि ४ मिळून ५, उरलेला एक म्हणजे अर्धा ओ२. सगळ्यांची दुप्पट केली की २, २, ४, १.

जिथे क्रम लावूनही हाताला येत नाही तिथे बीजगणित. सोनं शुद्ध करताना त्यातलं तांबं नायट्रिक आम्लात विरघळवतात. सौम्य आम्ल असेल तर: सीयू + एचएनओ३ → सीयू(एनओ३)२ + एनओ + एच२ओ. सहगुणकांना क्रमानं क, ख, ग, घ, च म्हणा. तांब्यावरून क = ग. हायड्रोजनवरून ख = २च. नायट्रोजनवरून ख = २ग + घ. ऑक्सिजनवरून ३ख = ६ग + घ + च. आता च ला १ माना. ख झाला २. मग २ग + घ = २ आणि ६ग + घ = ५. वजाबाकी केली की ४ग = ३, ग = पाऊण, घ = अर्धा. सगळ्यांना ४ ने गुणा: ३ सीयू + ८ एचएनओ३ → ३ सीयू(एनओ३)२ + २ एनओ + ४ एच२ओ. ऑक्सिजन तपासा: २४, आणि उजवीकडे १८ + २ + ४. इथे नायट्रोजन दोन रूपांत जातो, काही नायट्रेट म्हणून तसाच, काही एनओ होऊन. म्हणूनच नुसत्या अंदाजानं हे समीकरण दमवतं.

पण बीजगणितालाही मर्यादा आहे, आणि ती पीयूसीच्या मुलांना कुणीतरी सांगायलाच हवी. विहिरीत टाकतात ते जांभळं पोटॅशियम परमँगनेट घ्या. ते, सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आल्यावर पोटॅशियम सल्फेट, मँगनीज सल्फेट, पाणी आणि ऑक्सिजन मिळतात. याच क्रमानं २, ३, ५ → १, २, ८, ५ हे आकडे लावले तर ऑक्सिजन दोन्हीकडे ३०. आणि २, ३, १ → १, २, ४, ३ लावले तरी सगळे अणू जुळतात, ऑक्सिजन दोन्हीकडे २२. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. निवाडा इलेक्ट्रॉननं होतो. मँगनीज अधिक ७ वरून अधिक २ वर येतो, म्हणजे प्रत्येकी ५ इलेक्ट्रॉन घेतो, दोघे मिळून १०. पेरॉक्साइडचा प्रत्येक रेणू ऑक्सिजन होताना २ देतो. १० इलेक्ट्रॉन द्यायला ५ रेणू लागतात, एकानं भागत नाही. म्हणून पहिलंच बरोबर. ऑक्सिडीकरण-क्षपणात, म्हणजे इलेक्ट्रॉनची अशी देवघेव होते तिथे, अणूंबरोबर इलेक्ट्रॉनचाही हिशेब बसला पाहिजे. आयनांची, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंची किंवा गटांची, समीकरणं लिहिताना प्रभाराचाही. तांबं आणि चांदीचा एकप्रभारी आयन यांच्या समीकरणात अणू १-१ जुळतात, पण डावीकडे प्रभार अधिक १ आणि उजवीकडे तांब्याच्या आयनावर अधिक २. चांदीचे आयन दोन घेतले की बसतं.

शेवटची तपासणी वजनानं करता आली तर चूक लपत नाही. मळीतल्या साखरेपासून डिस्टिलरीत इथेनॉल होतं, ते असं: सी१२एच२२ओ११ + एच२ओ → ४ सी२एच५ओएच + ४ सीओ२. रेणुवस्तुमानं घ्या. साखर ३४२, पाणी १८, एकूण ३६०. उजवीकडे इथेनॉल ४ गुणिले ४६ म्हणजे १८४, कार्बन डायऑक्साइड ४ गुणिले ४४ म्हणजे १७६, एकूण ३६०. म्हणजे १०० किलो साखरेतून जास्तीत जास्त ५३.८ किलो इथेनॉल निघू शकतं. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतं, कारण थोडी साखर यीस्ट स्वतःच्या वाढीला वापरतं आणि थोडी ग्लिसरॉलसारख्या दुसऱ्या पदार्थांत जाते.

सरावाला ही चार घ्या, आणि प्रत्येक वेळी कुठल्या मूलद्रव्यापासून सुरुवात केली ते समासात लिहून ठेवा. रेल्वेचे रूळ जोडताना वापरतात ती थर्माइटची अभिक्रिया: एफई२ओ३ + एएल → एफई + एएल२ओ३. झोतभट्टीतली: एफई२ओ३ + सीओ → एफई + सीओ२. अमोनियाचं ऑक्सिडीकरण: एनएच३ + ओ२ → एनओ + एच२ओ. फॉस्फरसच्या ऑक्साइडवर पाणी: पी४ओ१० + एच२ओ → एच३पीओ४.

उत्तरं क्रमानं: १, २, २, १. मग १, ३, २, ३. मग ४, ५, ४, ६. आणि १, ६, ४. दुसऱ्यात अडकलात तर ऑक्सिजन तीन सूत्रांत पसरलेला आहे हे पाहा. प्रत्येक सीओ खनिजातला एकच ऑक्सिजन उचलतो आणि खनिजात ते तीन आहेत.